स्टिकरमधला माणूस

सगुण शेटगांवकर हा गोव्यातल्या चोपडे गावचा, वीजखात्याचा लाइनमन. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि मिशी अशी की नाटकात वेगळी चिकटवावी लागत नसे. देवळाच्या वर्धापनदिनाला गावातलीच माणसं ऐतिहासिक नाटक बसवतात. त्यात सरदार नाहीतर किल्लेदार सगुणच असायचा. दिवसभर खांबावर चढउतार करून तो संध्याकाळी तालमीला पोचायचा आणि दुसऱ्यांची वाक्यंही त्यालाच पाठ असायची.

दोन-तीन वर्षांपूर्वीच्या नाटकात शेवटच्या अंकात शत्रूचा सेनापती किल्लेदाराला शरण यायला सांगतो, तेव्हा किल्लेदार तलवार उपसून म्हणतो, "मरेन, पण शरण जाणार नाही!" सगुणने तलवार उपसली, एक पाऊल पुढे टाकलं आणि आवेशात म्हणाला, "शरण जाईन, पण मरणार नाही!"

मंडपात हशा उसळला. समोरच्या सेनापतीलाही हसू आवरेना. सगुणने वाक्य पुन्हा बरोबर म्हटलं, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

त्याच्याच वाड्यावरचा गौरेश तेव्हा पुढच्या रांगेत बसून मोबाइलवर नाटक टिपत होता. तो मोपाच्या विमानतळावर नोकरीला होता आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही तोच. त्याने तेवढाच तुकडा कापून ग्रुपवर टाकला. दोन दिवसांत कुणीतरी त्याचा स्टिकर केला. वासलेलं तोंड, उगारलेली तलवार, खाली ते वाक्य.

सुरुवातीला सगुणही हसला. ग्रुपवर कुणी 'लाइट गेली' असं लिहिलं की खाली तो स्टिकर यायचा. एकदा त्याने स्वतःच तो पाठवला. पण हळूहळू तो गावाबाहेर गेला. आगरवाड्याला खांबावर काम करताना स्कूटरवरून जाणाऱ्या दोघांनी ते वाक्य ओरडून म्हटलं. मांद्र्याच्या एका लग्नात पंगतीत लोकांनी त्याला ते म्हणायचा आग्रह केला. त्याने म्हटलं. मग पलीकडच्या पंगतीतले लोक मोबाइल उगारून उभे राहिले, "परत एकदा, आमका मिळूक नाय." त्यानंतर लग्नांना त्याची बायको देवकी एकटीच जाऊ लागली.

सगुणचा कामावरचा जोडीदार होता नितीन, मूळ खानापूरकडचा. कंत्राटावर मदतनीस म्हणून आलेला आणि काही वर्षांत चोपड्यातलाच झालेला. जुलैत सगुण तापाने पडला होता, म्हणून त्याच्या पाळीला नितीन गेला. पावसात वळणावर मोटरसायकल घसरली. इस्पितळात नेईपर्यंत तो गेला होता.

गौरेशने ग्रुपवर नितीनचा फोटो टाकला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेत कुणीतरी सगुणचा स्टिकर टाकला. 'शरण जाईन, पण मरणार नाही.' सगुणच्या पाळीला नितीन गेला होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. स्टिकरखाली हसणारी तोंडं आली. फार नाहीत, पण आली.

सगुणने मोबाइलमधून व्हॉट्सॲप काढून टाकलं. कामावर जायचा, घरी यायचा, जेवायचा. देवकी तेव्हा ग्रुपवर नव्हती; तिला ही गोष्ट बचत गटातल्या बायकांकडून कळली आणि मग तीही ग्रुप वाचू लागली.

"तुमी माका सांगूक नाय," ती म्हणाली.

"सांगून तू काय करतली होतंस?" त्याने विचारलं.

त्याच सुमारास सुर्ल्याची सेजल गावकर पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या शाळांत फिरत होती. मोबाइलवरून होणारा छळ आणि तो थांबवायचे उपाय हा तिच्या संशोधनाचा विषय. मुलांना प्रश्नावली द्यायची, मग थोड्या मुलांशी बोलायचं, असं काम. 'तुम्ही कधी कुणाला मोबाइलवरून त्रास दिला आहे का?' या प्रश्नाला बहुतेक सगळ्यांचं उत्तर 'नाही' असंच येत होतं. सेजलला ते पटत नव्हतं, पण कागदावर तेच होतं.

हळर्णच्या शाळेत सिद्धी नावाची नववीतली मुलगी म्हणाली, "आमी कोणाक त्रास देत नाय, बाई. नुसते स्टिकर टाकतो." आणि तिने दाखवलेल्या पहिल्याच स्टिकरमध्ये सगुण होता.

"हा कोण?"

"नाटकातलो माणूस."

"राहतो कुठे?"

सिद्धी गोंधळली. "तो खरो माणूस न्हय, बाई. नाटकातलो."

सेजलने प्रश्न बदलला. 'ओळखत नसलेल्या माणसाचा फोटो हसण्यासाठी पुढे पाठवला आहे का?' आता जवळपास सगळा वर्ग 'हो' म्हणाला. तो माणूस कुठला, हे विचारत विचारत ती चोपड्याला पोचली.

पहिल्या खेपेला सगुण तिच्याशी बोललाच नाही. देवकीने तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि जे माहीत होतं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात सेजल पुन्हा आली, तेव्हा तो पायरीवर बसून बुटांचा चिखल खरवडत होता.

"काका, प्रबंधात तुमचं नाव येणार नाही. मी ते बदलते," ती म्हणाली.

"नाव बदलून काय? थोबाड तर सगळ्यांकडे आसा."

थोड्या वेळाने तो आपणहून बोलू लागला. रस्त्यावर ओरडतात, लग्नात मोबाइल काढतात, हे सगळं त्याने हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगितलं. नितीनपाशी आल्यावर थांबला.

"पोलिसांत तक्रार करता येते, काका. मी बरोबर येईन."

"किती जणांवर करू? अर्धो तालुको आत घालतले काय?" मग तो म्हणाला, "माका बाकीचा काय नको. नितीनच्या फोटोखालचा तेवढा काढूक सांग."

सेजलच्या मार्गदर्शक बाईंचं म्हणणं होतं की संशोधकाने माहिती घ्यावी, मध्ये पडू नये. सेजलने दोन दिवस विचार केला आणि सगुणला विचारून गौरेशला भेटायला गेली.

"मी फक्त व्हिडिओ टाकलेलो," गौरेश म्हणाला. "स्टिकर मी केलो नाय. पुढे लोकांनी काय केला त्याक मी काय करू?"

"मला एवढंच विचारायचंय, की नितीनच्या फोटोखालचा तो निघेल का?"

गौरेशने ग्रुप मागे मागे सरकवत नेला. फोटो सापडला, खालचा स्टिकरही. त्याखाली हसणाऱ्या तोंडांत एक त्याचं स्वतःचं होतं. त्याला ते आठवतही नव्हतं. ड्यूटीवर असताना न बघता दाबलं असेल, असं तो म्हणाला. मग त्याने स्टिकर पुसायचा प्रयत्न केला, पण फार दिवस झाले होते. ॲडमिनलाही तो आता सगळ्यांच्या मोबाइलमधून काढता येत नव्हता.

संध्याकाळी गौरेशने ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप पाठवला. व्हिडिओ मी टाकलेला, नितीनच्या फोटोखाली मीपण हसलो, ते चुकलं, यापुढे हा स्टिकर इथे नको. त्यावर दोघे जण चिडून ग्रुपमधून निघून गेले. तिसऱ्याने मुद्दाम तोच स्टिकर टाकला. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग अंगणवाडीच्या शेवंतीने लिहिलं, 'परत टाकू नको. त्याची बायको हा ग्रुप वाचते.' तिच्यामागोमाग आणखी पाच-सहा जणांनी तसंच लिहिलं. पुढे प्रबंधात सेजलने याच गोष्टीवर भर दिला. नियम असून भागत नाही, बघणाऱ्यांपैकी कुणालातरी पहिल्यांदा बोलावं लागतं.

गौरेश मग सगुणच्या घरी गेला. दारातच उभा राहिला.

"सगुणबाब, माझा चुकला."

"चुकला तर चुकला. पण माझो राग अजून गेलो नाय, तुका खोटा कित्याक सांगू?" सगुण म्हणाला. मग सगुणने विचारलं, "तुमच्याकडे व्होल्टेज कमी येता म्हणून तुझी आवय सांगत होती. आता बरा आसा?"

"आसा."

"मगे बस."

हळर्णच्या मुलांशी बोलायला येता का, असं सेजलने सगुणला विचारलं. तो नाही म्हणाला, तेव्हा देवकी म्हणाली, "मी येतंय." सगुणने नको म्हटलं नाही.

वर्गात तिला भाषण जमलं नाही. मोबाइलमधला स्टिकर तिने पहिल्या बाकावरच्या मुलांना दाखवला आणि म्हणाली, "ह्यो माझो घोव." मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"ते काय करतात?" सिद्धीने विचारलं.

देवकी सांगत गेली. पावसात खांबावर चढतात. बिनसाखरेचा चहा पितात. जोडीदार गेला तेव्हा तापात उठून त्याच्या गावी जायला निघाले होते, मी अडवलं. अडवलं ते बरं केलं की वाईट, ते मला अजून कळलेलं नाही.

तास संपल्यावर काही मुलांनी तिच्यासमोरच स्टिकर पुसला. काहींनी नाही पुसला. सेजलने दोन्ही गोष्टी नोंदवल्या.

स्टिकर अजून फिरतो. पणजीत, फोंड्यात, कुठे कुठे. चोपड्याच्या ग्रुपवर येत नाही. सगुणने व्हॉट्सॲप पुन्हा घेतलं, पण कामापुरतंच. पुढच्या वर्षी नाटक मंडळी सरदाराची भूमिका घेऊन घरी आली, तेव्हा त्याने सरळ नकार दिला. फार समजावलं, तरी बधला नाही. नाटकाला मात्र तो देवकीबरोबर गेला आणि मागच्या रांगेत बसला. दुसऱ्या अंकात मोरजीकडे तार तुटल्याचा फोन आला. तो उठला, देवकीला शेवंतीबरोबर घरी जायला सांगितलं आणि मोटरसायकल काढून कामावर गेला.