जगलेले उंदीर

दैवशाला परभणीतल्या एका प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करायची. पालमहून एसटीने यायची, तिथे अंघोळ करून धुतलेले कपडे घालायची, मगच आत जायची. ते पांढरे उंदीर जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेले. बाहेरचा साधा आजारही त्यांना सोसायचा नाही.

हे दुबळेपण तिनं घरी पाहिलं होतं. तिला आत्याच्याच घरात, हरिओमला दिली होती. दोन मुलगे झाले, दोघेही वर्षाच्या आत गेले. धाकट्याला कांजिण्या निघाल्या आणि त्यातच तो संपला. डॉक्टर म्हणाले, लेकराच्या अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशीच नव्हत्या. सासू झालेली आत्या, बानूबाई, म्हणाली, "हिची कूसच खराब हाय."

पावसाळ्यात उंदरांना विषाणू टोचला. बहुतेक सगळे मेले. एका वेगळ्या वाणाचे उंदीर मात्र दाणे कुरतडत राहिले.

"मॅडम, ह्यांच्यात बी ताकद न्हाई ना? मग हे कसे काय जगले?"

"आईबापांकडून काहीतरी आलंय यांना," संशोधक राजेश्री मॅडम म्हणाल्या. "विषाणू अंगात वाढतच नाही. काय ते आता कापून बघावं लागेल."

"जगलेले बी मारायचे?"

"हो."

तिनं पिंजरा उचलून दिला. मग दारातच थांबली. "आन् दोष? तो बी असाच येतो का?"

"तोही. आईबाप दोघांत लपलेला असेल तर काही लेकरांत उघडा पडतो. नात्यात लग्न झालं की जास्त."

घरी बानूबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिच्या लेकीची, पिंकीची, सोयरीक दैवशालाच्या भावाशी, गोपाळशी, ठरली होती.

"आत्या, पिंकीला माझ्या माहेरी देऊ नका. माझ्या लेकरांचं दुखणं तुमच्या रक्तातून न् माझ्या बापाच्या रक्तातून आलंय. दोन्हीकडून."

"माझ्याकडून?" बानूबाईच्या हातातला पाला खाली पडला. ती तो वेचायला वाकली. "माझे दोन भाऊ पाळण्यातच गेले," ती म्हणाली. "आय म्हणायची, सटवीनं नेले."

सोयरीक मोडायला बानूबाई स्वतः भावाच्या, दैवशालाच्या बापाच्या, दारात गेली. भावानं ऐकून घेतलं नाही. "माझ्या रक्ताला नावं ठेवतीस?" म्हणाला, आणि बहिणीला व लेकीला एकदमच परकं केलं.

दिवाळीला दैवशालाला माहेरचं बोलावणं आलं नाही. ती कामावर गेली.