इनास आणि त्याचे चौघे

साल दोन हजार तीन. मला एकाहत्तर वर्षं पुरी झालेली, आणि इनास माझ्याहून सहा महिन्यांनी धाकटा, म्हणजे त्याची व्हायची होती. गणपती नुकतेच गेले होते. सकाळी मी वाडीत सोनचाफ्याची फुलं काढत होतो. कुंपणापलीकडून इनासची मुलगी जसिंता आली, आणि फक्त एवढंच म्हणाली, "बुवाकाका, पप्पा गेले." मी तिला म्हटलं, तू हो पुढे, आलोच. झाडावर राहिलेली फुलं मी काढली. सगळी काढली. ती एका दिवसात काळी पडतात, झाडावर ठेवून चालत नाही. मग हातपाय धुतले आणि गेलो.

हे मी स्वतः लिहितो आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले म्हणाले होते, बुवा, तुम्ही सांगा, आमचा माणूस लिहून घेईल. मी नाही म्हटलं. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण इनासवर दुसऱ्याने लिहिलेलं मला चालायचं नाही.

आगाशीत आमची वाडी आणि इनासची वाडी, मध्ये एक कुंपण आणि दोघांत मिळून एक विहीर. आम्ही माळकरी, ते ख्रिस्तांव. मी आमच्या आळीच्या देवळात भजनाचा बुवा, म्हणून सगळं गाव मला बुवा म्हणतं. इनास तरुणपणी बोटीवर होता, इंजिनाला तेल घालायच्या कामावर. वडील गेले तसा तो परत आला आणि वाडी धरली. येताना त्याने एक रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आणलं, आणि विलायतेतल्या चार पोरांच्या गाण्याच्या रेकॉर्डी. कपाळावर केस घेतलेली, हातात गिटारी, एकाच्या पुढे ढोल. त्यांची नावं मला नीट लिहिता येत नाहीत आणि चुकीची लिहिलेली इनासला खपली नसती, म्हणून लिहीत नाही. तो त्यांना 'माझे चौघे' म्हणायचा, मीही तेच म्हणतो.

एका रेकॉर्डीच्या पाकिटावर चौघांचा फोटो होता. तो त्याने काचेत घालून ओटीवर लावला, येशूच्या तसबिरीशेजारी. त्याची बायको, रेजिनावहिनी, तीस वर्षं म्हणत होती, तो काढा. घरं आशीर्वादित करायला फादर आले, पाणी शिंपडता शिंपडता थांबले आणि विचारलं, "हे कोणते संत?" इनास म्हणाला, "अजून झाले नाहीत, फादर." फादर हसले आणि चौघांवरही थोडं पाणी शिंपडलं. ही गोष्ट इनास मरेपर्यंत सांगत होता.

ते चौघे आपसांत भांडून वेगळे झाले, तेव्हा कुणी त्याला विचारलं, आता तू कुणाच्या बाजूने? तर म्हणे, "भाऊ वेगळे झाले म्हनून आपन कुनाच्या घरी जेवायचं बंद करतो काय?" पण इतकी वर्षं त्यांच्यावर जीव टाकून त्याने त्यांना हलताना कधी पाहिलं नव्हतं. नुसता फोटो आणि आवाज. नव्वदच्या पुढे आमच्याकडे केबल आली. एका दुपारी जसिंता ओरडली, पप्पा, तुमचे चौघे लागलेत. इनास लुंगीवर उघडा बसला होता. तो आधी आत पळाला, खुंटीवरचा धुतलेला शर्ट घातला, सगळी बटणं लावली आणि बाहेर आला, तर गाणं संपून कसल्या तरी साबणाची जाहिरात चाललेली. जसिंता म्हणाली, शर्टाची काय गरज होती? तो म्हणाला, "ते घरी आले नि मी उघडा बसू?" त्या दिवसापासून टीव्हीपुढे बसताना तो शर्ट घालून बसायचा. पुढे एकदा लागले, दोनदा लागले. मी विचारलं, कसे दिसतात? त्याने शर्टाची बटणं काढायला घेतली. मग म्हणाला, "लहान आहेत रे, पोरं आहेत ती… आपन म्हातारे झालो."

आता आमच्या भांडणाचं सांगतो.

त्याचं यंत्र कुंपणाजवळच्या खोलीत. मी पलीकडे केळीच्या आळ्यांत. आवडो न आवडो, ऐकू येणारच. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या देवळात पहाटे काकडा असतो. त्यात आमच्या वडलांनी रचलेली एक गौळण म्हणतात. शब्द गोड, पण चाल अशी रडकी की माणसं बसल्या जागी डुलक्या घ्यायची. एका वर्षी काम करता करता मी ती गौळण भलत्याच चालीत म्हणायला लागलो, आणि ती बसली. कुंपणावर इनासचं डोकं आलं.

"बुवा, ही माझ्या चौघांची चाल."

"चाल काय कुनाच्या बापाची असते?"

"बापाची नाय. चौघांची."

मला वाटलं तो रागावला. पण काकड्याच्या पहिल्याच पहाटे ओंजळभर मोगरा घेऊन देवळाबाहेर कट्ट्यावर येऊन बसला. आत ये म्हटलं, तर म्हणाला, हितून बरं ऐकू येतं. माझी गौळण संपली, प्रसाद वाटला, बाहेर आलो, तर हा म्हणतो, "सगळं बराबर. पन शेवटच्या ओळीला तू वर जाऊन वळन घेतोस. ते घेत नाहीत. ते सरळ खाली उतरतात."

मी म्हटलं, ते उतरत असतील. मी वळण घेणार. माझ्या गळ्याला तिथे वळण लागतं.

तेव्हापासून दर वर्षी हेच. काकड्याला तो कट्ट्यावर हजर, आणि त्या ओळीला बाहेरून "च्च" असा आवाज यायचा. आमच्या मंडळींना तो इतका सवयीचा झाला की मृदुंगवाला म्हणायचा, इनासची च्च आल्याशिवाय सम आल्यासारखी वाटत नाही. नव्या इमारतींतली माणसं काकड्याला यायला लागली. त्यातल्या एका बाईने विचारलं, बुवा, किती वेगळी चाल, कुणाची हो? मी म्हटलं, आमच्या आळीची. इनास कट्ट्यावरून म्हणाला, "वळन तेवढं आळीचं."

त्याचं मागणं एकच होतं. एकदा, एकाच काकड्याला, मी ती ओळ सरळ म्हणावी. आणि मी ते केलं नाही. मी चुकलो असं मी अजूनही म्हणणार नाही. देवळात बुवा मी आहे.

दोन हजार तीनच्या श्रावणात त्याचं पोटाचं दुखणं वाढलं. माणिकपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी रिक्षाने गेलो. चेहरा सुकून एवढासा झाला होता, पण मला बघून उशीवर सरळ बसायला बघितलं.

"बुवा, आता तरी सरळ म्हन."

"हितं? टाळ नाय, मृदुंग नाय."

"हळू म्हन. मला ऐकू येतं."

"बरा हो. काकडा लागला की म्हनतो."

"म्हनतोस?"

"बघू."

तो हसला. "तू मरशील, पन वळन सोडनार नाय."

"तू आधी मर, मग बघू."

आम्ही जन्मभर असंच बोलत आलो. दोघेही हसलो. नर्स आली आणि मला बाहेर काढलं… तेच शेवटचं.

मातीला बँड होता. मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, आणि पुढे दफनभूमीपर्यंत चालत गेलो. मूठभर माती टाकली आणि घरी आलो. त्यानंतर महिनाभर मी कुंपणाच्या बाजूचं काम काढलंच नाही.

महिना झाल्यावर चर्चमध्ये गेलेल्याच्या नावाने मिस्सा असते, ती कोजागिरीच्या संध्याकाळी आली. मिस्सा आटोपून सगळे इनासच्या घरी आले, चहापाव झाला, पाहुणे गेले. ओटीवर मी, वहिनी आणि जसिंता. फोटो जागच्या जागी होता. जसिंता म्हणाली, आई आता रोज पुसते. वहिनी म्हणाली, धूळ बसते म्हणून पुसते, दुसरं काय. जसिंताने यंत्रावर माझ्या गौळणीच्या चालीचं गाणं लावलं. मी ते गाणं शेकडो वेळा कुंपणापलीकडून ऐकलं होतं, समोर बसून कधीच नाही. ती ओळ आली. चौघे सरळ खाली उतरले.

मी म्हटलं, "वहिनी, इनासला एवढं काय होतं या ओळीचं?"

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला नाय सांगितलं त्यांनी?"

मग तिने सांगितलं. इनास बोटीवर असताना त्याची आई गेली. त्याला कळलं तेव्हा तिला पुरून दोन आठवडे उलटले होते. बोटीवर रडायला जागा नव्हती. इंजिनाच्या खोलीत बाकीची माणसं होती, आणि कुणाच्या तरी रेडिओवर ही पोरं गात होती. शब्द त्याला कळले नाहीत. पण त्याला वाटलं, ही चार पोरं माझ्या आईला खांदा द्यायला आली आहेत. मला जाता आलं नाही, तर ही आली. "आणि ती ओळ आली ना," वहिनी म्हणाली, "की त्यांना वाटायचं, आता तिला खाली ठेवतायत. हळू. म्हणून म्हणायचे, तिथं वर नाय जायचं."

मी म्हटलं, एवढी वर्षं च्च च्च करत बसला, हे का नाही बोलला?

"तुम्ही विचारलं कधी?" वहिनी म्हणाली. "आणि त्यांना वाटायचं, सांगितल्यावर तुम्ही ऐकलंत, तर ते काय ऐकणं झालं."

जसिंताने रेकॉर्ड उचलून पाकिटात घातली. मी चपला घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकडा लागला. मी आंघोळ करून देवळात गेलो. कट्टा रिकामा होता. दव पडून ओला झालेला, म्हणून नवीन माणसंही तिथे बसली नव्हती. गौळण आली. मी मृदुंगवाल्याला काही सांगितलं नाही. शेवटच्या ओळीला गळा आपोआप वर निघाला, तो मी धरला आणि सरळ खाली आलो, हळू. पण सरळ उतरलं की आमच्या वडलांचे शब्द लवकर संपतात. हे मला ठाऊक नव्हतं. मृदुंग एकटाच पुढे वाजत राहिला, टाळ थांबले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे मिटून तेवढी जागा तशीच जाऊ दिली. मग परत ओळ घेतली, आणि परत सरळच उतरलो.