पायाशी ठेवलेलं बाळ

मुलांनो, शेजारच्या सुनेने काल आपली दुसरी मुलगी घरी आणली आणि सासऱ्यांच्या पायाशी दुपट्यावर ठेवली. ते नुसते बघत राहिले. माझ्या अंगावर काटा आला. सकाळीच वाचलं होतं, सम्राटांच्या रोममध्ये नवजात बाळ असंच बापापुढे जमिनीवर ठेवत. त्याने उचललं तर ते घरचं, नाहीतर उघड्यावर टाकायचं. कायदाही अडवत नसे. दूरच्या डोंगरातून शहरात पाणी आणणारी शहाणी माणसं ही!

"अहो, उचला की तिला!" मी जवळजवळ ओरडलेच.

"उचलतो हो! आधी कुणीतरी मला खाली बसवा, गुडघे वाकत नाहीत."

सगळे हसले. मी मात्र बाळ त्यांच्या कुशीत जाईपर्यंत जमिनीकडेच बघत होते.