सायकलवर सासुरवाडी

आमच्या ऑफिसात कुणी वेळेआधी निवृत्ती घेतोय म्हटलं की लोक आधी त्याची शुगर विचारतात, मग बीपी, आणि दोन्ही ठीक निघालं तर खुर्ची जवळ ओढून विचारतात, "काय चौकशी-बिकशी लागलीय का?" मला सायकल चालवायचीय, हे कारण कुणाच्या गळी उतरेना. त्यात मी काही मोठा सायकलपटू नव्हे. सकाळी यवतेश्वरच्या घाटात निम्मी वाट सायकल मला नेते, उरलेली निम्मी मी तिला नेतो. पण वर पोचलो, खाली धुक्यात सातारा दिसला की वाटायचं, बस झालं आता. हेच करायचं रोज.

वाटायचं, आणि दहा वाजता मी ऑफिसात असायचो. कुणी विचारलं तर उत्तर तयार होतं, "आमचा विचार पक्का आहे हो, पण घरातून परवानगी नाही."

एका संध्याकाळी बायको मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या ऑफिसातल्या बाई मंडईत भेटल्या. म्हणाल्या, साहेबांना सोडा की आता. मी कधी धरलं तुम्हाला?"

मी मटार सोलायला बसलो.

"तसं नव्हे गं, तुझा विचार घेतल्याशिवाय कसं…"

"घ्या मग. रविवारी माझ्या माहेरी गुऱ्हाळ आहे. मी आदल्या दिवशी एसटीनं जाते, तुम्ही सायकलवर या. पोचलात तर सोमवारी अर्ज द्या. वाटेत कुठल्याही गाडीत बसलात तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मग अठ्ठावन्न होईपर्यंत गुमान नोकरी."

माहेर इस्लामपूरच्या पुढं. मी लगेच हो म्हणालो. अंतराचा विचार मी केला, माणसांचा केला नाही.

आपल्याकडं सायकलवर घामाघूम झालेला टकला माणूस दिसला की लोकांना तो हौशी वाटत नाही, अडचणीतला वाटतो. उंब्रजला चहावाला म्हणाला, "गाडी बंद पडली व्हय?" कराडच्या पुढं उसाचा एकेक ट्रॅक्टर माझ्याशेजारी हळू व्हायचा. "आवं काका, टाका सायकल उसावर, बसा म्होरं!" नको म्हटलं की ड्रायव्हरला वाईट वाटायचं. वारा तोंडावर होता. मागच्या ट्रॉलीची लोंबती दोरी नुसती धरली तर ते गाडीत बसणं धरतील का, यावर मी कासेगावपासून नेर्ल्यापर्यंत कायदेशीर विचार केला. धरली नाही. निकाल काय लागेल याची खात्री नव्हती.

गावाच्या वेशीवर मेहुणा जीप आडवी लावून उभा. हातात इस्त्रीची पँट.

"दाजी, उतरा. बसा गाडीत."

"बसलो की हरलो."

"हरा की मग! आबा म्हणत्यात, जावय सायकलवर आला तर गाव म्हणंल, गाडी इकून खाल्ली. आन् ही काय चड्डी म्हणायची? मागं उशी शिवलीय!"

आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, वस्ती गावाच्या पलीकडं, मळ्यात. म्हणजे अख्ख्या गावातून वरात जाणार. शेवटी तडजोड झाली. चड्डीवर पँट चढवायची, आणि जीप रिकामी माझ्या मागून येणार, म्हणजे गाडी असूनही जावई हौसेनं सायकलवर आहे, हे गावाला दिसेल.

निघालो. मागून मेहुणा पहिल्या गिअरवर हॉर्न वाजवत, खिडकीतून ओरडत, "दाजी, दमानं! दाजी, बसताय का आता तरी?"

हे दृश्य गावानं बघितलं आणि गावाला जे समजायचं तेच समजलं. दूध डेअरीपाशी एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला, "आगं बया! जावय रुसून चालला गं! मेव्हणा मागनं विनवतोय!"

दोन बाप्ये आडवे आले. एकानं हँडल धरलं. "पावणं, असं करू नये. अंगठी न्हाई दिली व्हय? सांगा आमाला, आमी बोलतो आबांशी."

"अहो, मी रुसलो नाही! मी येतोय! जात नाही!"

"रुसलेला असंच म्हणतो," दुसरा म्हणाला आणि त्यानं मागचं चाक उचललं. आणखी दोघं धावून आले आणि चौघांनी सायकल जीपकडं न्यायला सुरुवात केली, सीटवर मी तसाच. मेहुणा खाली उतरून मदत करायचं सोडून हसत उभा.

तेवढ्यात आपल्या वहिनीच्या स्कूटीवर मागं बसून बायको आली. तिनं सगळं बघितलं. एक शब्द बोलली नसती तरी पैज तिनं जिंकली असती. मी तिच्याकडं बघितलं. खरं सांगतो, त्या क्षणी आत कुठंतरी वाटलं, बसवा बाबांनो मला जीपमध्ये, सुटलो.

"सोडा त्यांना," ती म्हणाली. "काहिल उतरायला आलीय, ताजा गूळ खायला यायचंय त्यांना. अहो, चला. मारा पायडल."

मारलं. मळ्यात पोचलो तेव्हा काकवीचा वास सुटला होता आणि माझ्या पायात उतरण्याइतकाही जीव नव्हता. बायकोनं कॅरिअर धरलं. सासरे टोपी सारखी करत पुढं आले. "जावईबापू, ह्ये आता नेहमीचं हाय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बायको तर फारच शांतपणे बघत होती. तिच्या नावावर खपवायला आता काही उरलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "उद्या अर्ज देतोय."

"द्या की," सासरे म्हणाले. "पर फुडल्या खेपेला मागच्या पांदीनं या. गावातनं नगं."

सोमवारी साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "घरच्यांचं काय म्हणणं आहे?"

"त्यांना विचारलं नाही साहेब," मी म्हणालो. "निवृत्ती मला हवीय."