गोविंदाचा श्रावण

धाड गावच्या अन्नपूर्णाबाईंना उपवास धरायला सांगणारे पुष्कळ भेटले, सोडायला सांगणारं कोणी भेटलं नाही. लग्नाला अठरा वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा सल्ल्यांना काय तोटा? सोमवार सासूने लावून दिला, चतुर्थी नणंदेने, शनिवार एका ज्योतिषाने. एकादशी तर माहेराहूनच सोबत आली होती. पुढे सासू वारली, ज्योतिषी गाव सोडून गेला, पण उपवास होते तिथेच राहिले. बाईंच्या छातीत-पोटात रोज जळजळ होई. नवरा नारायणराव प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांना ते दिसत नव्हतं असं नाही, पण घरात वाद नको म्हणून अशा वेळी ते हातातलं वर्तमानपत्र थोडं वर धरत.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात बाईंचा भाऊ पुण्याहून एक पांढरा ससा घेऊन आला. गावात तोवर ससा म्हणजे शेतात दिसायचा नि मागे कुत्रं लागायचं. हा मात्र मांडीवर बसत होता. बाईंनी त्याचं नाव गोविंदा ठेवलं, अंगणात त्याच्यासाठी जाळीचं खोपटं करून घेतलं, आणि अठरा वर्षं साठवलेलं सगळं लाडकौतुक त्या शेरभर जिवावर एकदम ओतलं. त्याला दिवसातून कितीदा हाक मारीत याला गणती नव्हती.

गोविंदासाठी रोज हिरवं गवत लागे. ते चांगुणा आणून देई. चांगुणा वेशीपलीकडच्या बौद्ध वस्तीतली, बांधावरचं गवत कापून विकणारी. बाई तिचा भारा कुंपणावरून घेत, त्यावर पाणी शिंपडत आणि मगच आत नेत. गवत पावसाने निथळत असलं तरी शिंपडत. चांगुणा ते उभी राहून पाही आणि आपल्या वाटेने जाई.

आषाढी एकादशीला बाईंच्या मनात आलं, की घरातला माणूस उपाशी आणि घरातलं जनावर पोटभर जेवतंय, हे बरं दिसत नाही. गवत म्हणजे सशाचं रोजचं जेवण. तेव्हा ते उपवासाला चालणार नाही. फळ चालतं, म्हणून त्यांनी गोविंदापुढे अख्खं केळं सोलून ठेवलं, वर दोन खजूर. गोविंदाने ते चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळी बाईंनी परीक्षा म्हणून गवताची काडी पुढे केली, तर त्याने तोंड फिरवलं.

केळ्याने पोट गच्च भरल्यावर कोण गवत खाईल? पण बाईंचे डोळे भरून आले. गोविंदाने एकादशी मोडली नाही, असं त्यांनी शेजारी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते निम्म्या गावाला ठाऊक झालं.

बातमी महादेवाच्या देवळातल्या अर्जुनरावांकडे पोचली. अर्जुनराव भजनी मंडळाचे प्रमुख. त्यांचा स्वतःचा उपवास फार कडक असे. सकाळी साबुदाणा, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी रताळ्याचा शिरा, आणि मधल्या वेळेत थकवा येऊ नये म्हणून दूध. त्यांनी गोविंदाला निरखून पाहिलं आणि हा मागच्या जन्मी कोणी साधू असावा, असा निर्वाळा दिला. मग काय विचारता! श्रावण लागला तसे लोक दर्शनाला येऊ लागले. कोणी पेरू आणी, कोणी पपई, कोणी डाळिंब. स्वतःच्या पोराला आजारपणाशिवाय केळं न देणाऱ्या माणसांनी सशापुढे फण्या ठेवल्या. श्रावणात बाईंचे उपवास इतके, की गोविंदाला आठवड्यातून जेमतेम तीन दिवस गवत मिळे. चहूकडे गुडघाभर हिरवं रान माजलेलं, आणि एवढ्या मोठ्या गावात गवताला महाग असा जीव हा एकच.

चांगुणाने एकदा कुंपणाबाहेरून सांगून पाहिलं. तिचा भाऊ जानराव औरंगाबादेत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ससे सांभाळायला होता आणि महिनाभर त्याच्याकडे राहून तिने ते काम पाहिलं होतं. सशाला दिवसभर गवत आणि पाणी हवं. फळ द्यायचं ते आठवड्यात एखाद-दोन वेळा, अंगठ्याच्या नखाएवढी फोड, धुऊन, बिया काढून. जास्त गोड पोटात गेलं की आतडी थांबतात आणि ससा दोन दिवसांत मरतो, असं तिने सांगितलं. बाईंनी ते अर्जुनरावांच्या कानावर घातलं. ते हसले. तिचं गवत खपत नाही म्हणून ती बोलते, एवढं साधं तुम्हाला कळू नये का, असं त्यांनी विचारलं. बाईंना ते पटलं. केळी आणणाऱ्यांत सगळ्यात पुढे असलेल्या माणसाचं केळ्यांचंच दुकान होतं, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटच्या सोमवारी अर्जुनरावांनी गोविंदाला देवळात पाटावर बसवायचं ठरवलं. तो आता फारसा हलत नव्हता. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसे, डोळे अर्धे मिटलेले. लोक म्हणत, ध्यान लागलंय. त्याच्या तोंडातून बारीक करकर आवाज येई. अर्जुनरावांनी कान लावून ऐकलं आणि सगळ्यांना गप्प करून सांगितलं, जप चालू आहे. बायकांनी पदर पसरून नमस्कार केले. अन्नपूर्णाबाई पाटाजवळ बसल्या होत्या. वांझ म्हणून बारशाला न बोलावणाऱ्या बायका आज त्यांच्याही पाया पडत होत्या. त्या सुखाने त्यांची पोटातली जळजळसुद्धा थांबल्यासारखी झाली होती.

आरतीच्या तयारीसाठी पाणी आणायला त्या बाहेर आल्या, तर पायऱ्यांखाली चांगुणा डोक्यावर भारा घेऊन उभी होती. तिने एकच गोष्ट विचारली.

"बाई, त्यानं लेंड्या कवा टाकल्या?"

बाई थांबल्या. शनिवार संध्याकाळपासून खोपटं स्वच्छ होतं. उपवासाच्या दिवशी गोविंदा जागासुद्धा घाण करत नाही, असं त्यांनी सकाळीच चार जणींना अभिमानाने सांगितलं होतं. हातातला तांब्या त्यांनी तिथेच पायरीवर ठेवला. त्या आत गेल्या, गोविंदाच्या पोटाला हात लावला. पोट फुगून टणक झालं होतं, कान गार पडले होते. आरती सुरू झाली होती. बाईंनी त्याला पाटावरून उचललं आणि पदरात घेतलं.

अर्जुनरावांनी टाळ थांबवले. व्रत मोडेल, दोष लागेल, असं ते बोलू लागले. अन्नपूर्णाबाई उभ्या आयुष्यात पुरुषमाणसाला उलट बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

"जप नाही करून राह्यला तो. पोट दुखून राह्यलं म्हणून दात खाऊन राह्यला. मी केलं हे त्याले."

देवळातली माणसं बघत राहिली आणि बाई गोविंदाला घेऊन घराकडे पळत सुटल्या. चांगुणा मागे होती. कुंपणापाशी ती सवयीने थांबली. बाईंनी फाटक उघडून तिला हाताला धरून आत ओढलं आणि गोविंदा तिच्या मांडीवर दिला. पाणी शिंपडायचं त्यांना सुचलं नाही.

चांगुणाने त्याला पोत्यात गुंडाळून ऊब दिली. त्याच्या पोटावरून हळूहळू बोटं फिरवली, थेंबथेंब पाणी पाजलं, मधूनमधून अंगणात चालवलं आणि तोंडाशी गवत धरून ठेवलं. बाई समोर बसून रडत होत्या आणि देवाला काय बोलावं ते त्यांना सुचत नव्हतं. नवा उपवास बोलायची तर धास्तीच वाटत होती. नारायणराव शाळेतून आले, वर्तमानपत्र शोधायला लागले आणि मग ते बाजूला ठेवून तेही येऊन बसले. दिवेलागणीला गोविंदाने एक काडी ओढली, थोड्या वेळाने दुसरी. मग मोहरीपेक्षा जरा मोठ्या चार लेंड्या पडल्या. बाईंनी त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि नारायणरावांनाही मोजायला लावल्या.

गाव फार नाराज झालं. साधू म्हणून पूजलेला जीव पोटदुखीने बेजार निघाला, हे कोणाला आवडेल? सशाला कोणाचा हात लागला ते पाहा, म्हणून तो भ्रष्ट झाला, असं अर्जुनरावांनी जाहीर केलं. एका घरचा पोपट गुरुवारी मिरची खात नाही असं त्यांना कळलं होतं, तेव्हा त्यांचीही फार अडचण झाली नाही. बाईंच्या दारात आता कोणी येईना. गोविंदाला दिवसभर गवत मिळू लागलं आणि बाजाराच्या दिवशी पेरूची नखाएवढी, बी काढलेली एकच फोड. ती खाऊन तो दुसरीसाठी मागच्या पायांवर उभा राही. बाई मन घट्ट करून पाठ फिरवत.

पुढच्या सोमवारी चांगुणा भारा घेऊन थेट अंगणात आली. बाई नेहमीप्रमाणे खोपट्यापाशी बसून लेंड्या मोजत होत्या, एक हात छातीवर दाबलेला.

"तुमी काय खाल्लं आज?" चांगुणाने विचारलं.

बाईंनी सांगितलं, सोमवार आहे. चांगुणाने भारा खाली ठेवला.

"त्याच्या पोटाचं तुमी रोज इचारता. तुमाले कोणी काऊन इचारत नाही?"

 अठरा वर्षांत अन्नपूर्णाबाईंना मूल का नाही हे सगळ्यांनी विचारलं होतं. जेवलीस का, हे कोणी विचारलं नव्हतं. त्या उठून चुलीपाशी गेल्या. ज्वारीच्या दोन भाकरी थापल्या, ठेचा वाटला आणि बाहेर येऊन एक भाकरी चांगुणाच्या हातावर ठेवली.

मधल्या सुट्टीत नारायणराव घरी आले. ऐन सोमवारी बायको ओट्यावर बसून भाकर खाते आहे आणि शेजारी चांगुणा खाते आहे, हे पाहून ते दारातच थबकले. हे काय चाललंय, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

बाईंनी घास चावून नीट गिळला.

"गवत खाऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "या, तुमीबी बसा."