सरुबाईंचा हिमाचल

१९९७ च्या मे महिन्यात कऱ्हाटीतून आम्ही सदतीस जण हिमाचल प्रदेशाच्या सहलीला निघणार होतो. थंडी म्हणजे पौषातली पहाट, एवढीच आमच्या लोकांना ठाऊक. म्हणून मी प्रवाशांसाठी त्या प्रांताची चार पानी ओळख लिहिली आणि शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवली. डोंगर किती उंच, बियास कुठून निघते, लोकरीचे मोजे किती घ्यावेत, घाटात मळमळलं तर काय करावं.

सरुबाई कोकरे खांबाला टेकून ऐकत होत्या. वय पासष्टीचं. उभं आयुष्य दोनशे मेंढ्यांमागे चालण्यात गेलेलं. दरवर्षी कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडाला परत यायचं. मुलगा रावजी बारामतीला कंपनीत लागला तेव्हा कळप विकला. चार मेंढ्या तेवढ्या त्यांनी हट्टाने ठेवल्या. सहलीत आईचं नाव रावजीनेच घातलं होतं.

"गद्दी नावाचे मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन बर्फाकडे चढतात," असं मी वाचलं आणि त्या ताठ बसल्या.

"वर चढत्यात? आमी तर खाली उतरायचो."

"तिथं उन्हाळ्यात चारा वर असतो."

"मग गुरुजी, मला बर्फ नगं. तेवढं दावा."

मागून साखरबाई म्हणाल्या, "अगं, जल्मभर मेंढरंच बघितलीस, आता तितं जाऊन बी मेंढरंच?"

"तू न्हाय का, म्हायेरी गेली तरी चुलीपशीच बसतीस!"

व्हरांडा हसला. पण पुढचे पंधरा दिवस सरुबाई मला वाटेत गाठून त्या चार ओळी पुन्हा वाचायला लावत होत्या.

मेंढ्या सांभाळायला शेजारची सारजा तयार झाली. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांची एक पहिलटकरीण मेंढी व्याली आणि कोकराला जवळच घेईना. अशा मेंढीला धरून, अडवून, दिवसातून चार-पाच वेळा कोकरू पाजावं लागतं. आठवड्याने ती त्याला आपलं म्हणते, कधी म्हणतही नाही. सारजाने धरून पाहिलं. मेंढीने तिलाच पाडलं.

सकाळी दौंड स्टेशनला न्यायला गाडी आली. सरुबाई दिसेनात, म्हणून मी घरी गेलो. अंगावर नवं लुगडं, मेंढी गुडघ्याने भिंतीशी दाबलेली, खाली कोकरू चुटूचुटू पीत होतं. रावजी दारात पिशवी घेऊन उभा.

"आये, एका कोकरापायी?"

"तू पाजणार का?"

रावजीने पिशवी खाली ठेवली.

"गुरुजी, तुमी व्हा फुडं. पर नीट बघून या. समदं."

सोळा दिवसांनी परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो. मेंढीने कोकरू घेतलं होतं. ते अंगणात उड्या मारत होतं. सरुबाईंनी मला बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. मेंढ्यांचे कान कसे? कुत्री किती? बाया बरोबर चालत होत्या का? मला निम्म्याची उत्तरं देता येईनात. एका कळपाने आमची बस अर्धा तास अडवली होती, हे सांगितलं.

"मग अर्धा तास तुमी काय केलं?"

"चहा प्यालो."

"अरं देवा!" त्यांनी कपाळाला हात लावला.

मग मला आठवलं ते सांगितलं. एका म्हाताऱ्याने अंगरख्यात, छातीशी, कोकरू घेतलं होतं.

"जित्तं व्हतं?"

"हो. तोंड बाहेर काढून बघत होतं."

सरुबाईंनी अंगणातल्या कोकराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हितनं चालत किती दिस लागत्याल?"

मी हिशेब केला. कळपाच्या चालीने रोज तीन कोस धरले, तर सहा महिने.

"म्हंजे दिवाळी करून निघालं," त्या बोटांवर महिने मोजत म्हणाल्या, "तर उन्हाळ्याला वर पोचतंय माणूस. बरूबर चाऱ्याच्या येळंला."