अडीच हजारांचा कोंबडा

सुगीच्या सणाचा रविवार. वस्तू, एक तांबडा कोंबडा. शेवटची बोली, अडीच हजार रुपये. हजर होते पाळकसाहेब, सगळी मंडळी, खजिनदार म्हणून मी, आणि बोली लावून स्वतःच घाबरलेल्या आमच्या आक्का.

आक्का म्हणजे आमच्या निपाणीच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई. आता त्या नाहीत, पण त्यांचं वाक्य अजून सगळ्यांच्या कानात आहे. "मी कोण? मातीचं ढेकूळ!" हे वाक्य आलं की जाणकारांनी सावध व्हायचं, कारण त्याच्यामागून 'खरं', म्हणजे आमच्याकडचं 'पण', यायचं. "मी मातीचं ढेकूळ, खरं पाळकसाहेब, आजचा उपदेश लई लांबला. तान्ह्या पोरांच्या आयांचा तरी इचार करायचा." देवासमोर इतकं नम्र आणि माणसांसमोर इतकं ताठ दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं ढेकूळ असेल.

न्यायाचं त्यांना वेड होतं. नाताळचा केक त्या दोऱ्यानं मापून कापायच्या. पाळकसाहेबांचा तुकडा आणि चर्च झाडणाऱ्या मावशींचा तुकडा शेजारी ठेवला तर ओळखू येत नसे. एकदा मी कडेचा, जास्त बेदाणे असलेला तुकडा उचलला. आक्कांनी माझ्या बशीतून दोन बेदाणे काढून शेजारच्या बशीत टाकले आणि पुढं गेल्या.

आमच्याकडे सुगीला प्रत्येक जण घरचं काहीतरी देवापुढं ठेवतो. कोणी भुईमूग, कोणी भोपळा, कोणी अंडी. उपासना झाली की चिंचेखाली त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीला, म्हणजे चर्चला, जातात. आक्का दर वर्षी आपला लाडका कोंबडा आणायच्या आणि दर वर्षी दोनशे रुपयांना स्वतःच घेऊन घरी जायच्या.

"आक्का, परत न्यायचाय तर आणताच कशाला?" मी एकदा विचारलं.

"देवाला काय उरलंसुरलं द्यायचं व्हय? जीव लागलेलंच द्यायचं. मग देवाकडनं इकत घ्यायचं. कुठं चुकलं सांग."

मी दोनशेची पावती फाडली.

आदल्या सुगीला एका बटाटेवाल्या व्यापाऱ्यानं भोपळ्याला मोठी बोली लावली आणि नंतर माझ्या टेबलाशी येऊन घासाघीस सुरू केली. आक्का मागं उभ्याच होत्या. "देवासमोर बोललास न्हवं? मग हितं बाजार कशाला मांडतोस?" त्यांनी चर्चच्या पंचांकडून नियमच करून घेतला. बोली ती बोली, पैसे जागेवर, नाहीतर वस्तू दुसऱ्याला.

त्या व्यापाऱ्याच्या मनाला ते लागलं होतं. यंदा कोंबडा आपण घ्यायचा आणि आक्कांच्या हातात देऊन समेट करायचा, असं त्यानं ठरवलं. इकडं रिक्षावाल्या आप्पानंही तेच ठरवलेलं, कारण त्याची लेक आक्कांच्या हातावर जन्मली होती. एक चिंचेच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला. एकमेकांच्या मनातलं दोघांनाही माहीत नाही.

"तीनशे!" "पाचशे!" "सातशे!"

आक्कांना वाटलं, दोघांच्याही घरी आज रस्सा शिजणार. "हजार!" त्या ओरडल्या. ते दोघं ईर्ष्येला पेटलेले. आक्कांना कोंबडा आपणच द्यावा म्हणून आक्कांच्याच विरुद्ध बोली लावत होते. लिलाव पुकारणाऱ्या पाळकसाहेबांना चर्चचं गळकं छप्पर डोळ्यांसमोर दिसत होतं, तेही थांबेनात. शेवटी आक्का डोळे मिटून म्हणाल्या, "अडीच हजार!" त्यांचा आवाज इतका कापरा होता की दोघंही गप्प झाले.

आक्का माझ्या टेबलाशी आल्या. रुमालाची गाठ सोडली. नऊशे रुपये निघाले.

"बाकीचे पेन्शन झाल्यावर..." मी चाचरत म्हणालो.

"नियम मीच केलाय न्हवं? कोंबडा दुसऱ्याला दे." त्या कोंबड्याकडं न बघता म्हणाल्या.

तेवढ्यात दोघं धावत आले. "आक्का, आम्ही तुमच्यासाठीच घेत होतो!" मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"माझ्यासाठी? मग गप बसायचं हुतं की रं मुडद्यांनो! दोनशेत घेऊन घरी गेले असते मी!"

मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. व्यापाऱ्यानं पाकीट काढलं. आक्कांनी त्याचा हात मागं सारला. "कुणाचं फुकट घेतलं न्हाय मी आजपतोर."

तेव्हा आप्पा म्हणाला, "आक्का, मातीचं ढेकूळ म्हणतासा खरं, कुणी काय द्याया आलं की ढेकळाचा धोंडा हुतोय बगा."

 पाळकसाहेब चिंचेच्या शेंड्याकडं बघू लागले. आक्का खुर्ची ओढून बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"लिही, खजिनदार," शेवटी त्या म्हणाल्या. "दोघांचे सारखे. एकाचा रुपया जास्त न्हाय." मग दोघांकडं मान वर करून पाहिलं. "उपकार झाले, बाबांनो."

प्रार्थनेत हे शब्द त्या देवाला दर रविवारी म्हणत. माणसांना म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

एका वस्तूची पावती एकाच नावावर फाडायची, हा माझा नियम. त्या दिवशी मी एकाच पावतीवर तिघांची नावं लिहिली. आक्का नऊशे, व्यापारी आठशे, आप्पा आठशे. पैसे पोचले मंडळीला, छपरासाठी.